सतरा जणांचे डोळे

मॅचिंग सेंटरमध्ये साडी घेऊन आलेली बाई काय करते, ते कधी नीट पाहिलंय? दुकानदार डाळिंबी रंगाची चार ठाणं तिच्यासमोर उलगडतो. ट्यूबलाइटखाली त्यातलं एक साडीशी अगदी एकजीव होतं. तरी ती लगेच ‘द्या’ म्हणत नाही. साडीचा पदर आणि कापडाचं टोक हातात धरून ती दुकानाच्या पायरीवर, उन्हात येते. आणि तिथं दोन रंगांची फारकत होते! एक जांभळ्याकडे सरकलेला, दुसरा विटकरीकडे.

आत दिसलेलं साम्य हा भास होता का? नाही. आत ते रंग खरोखर एक होते आणि बाहेर खरोखर दोन झाले. कापड तेच, डोळे तेच, बदलला तो फक्त उजेड. मग त्या कापडाचा स्वतःचा रंग कोणता?

या प्रश्नावर आज कितीतरी जणांचं पोट अवलंबून आहे. कंपनीचं बोधचिन्ह काढणारी डिझायनर, ते छापणारा प्रेसवाला, टी-शर्टवर उतरवणारा रंगारी, दुकानाची पाटी करणारा पेंटर. एकीनं मनात धरलेली छटा दुसऱ्याच्या शाईत, तिसऱ्याच्या डब्यात आणि चौथ्याच्या पडद्यावर तशीच उतरायला हवी. ती कळवायची कशी? नमुना पाठवला तर तो उन्हानं उडतो, हाताळून मळतो. शब्द पाठवला तर?

शब्दांना आपल्याकडे तोटा नाही. अबोली, आमसुली, अंजिरी, वांगी, बदामी, मोतिया, शेवाळी, लिंबोळी, गुलबक्षी, श्रीखंडी! प्रत्येक नावामागे एक वस्तू उभी आहे, आणि नाव घेताच ती डोळ्यांपुढे येते. पण श्रीखंडी म्हणजे केशर घातलेलं की साधं? अंजिरी म्हणजे सालीचा रंग की आतल्या गराचा? लिंबोळी कच्ची की पिकलेली? घरात बोलताना याची अडचण होत नाही, कारण समोरची व्यक्ती त्याच बाजारात वावरलेली असते. हजार किलोमीटरवरच्या छापखान्याशी बोलताना मात्र हे शब्द अपुरे पडतात.

वस्तूच अगदी नेमकी सांगितली तर? हा ध्यास दोनशे वर्षांपूर्वी एका चित्रकारानं घेतला होता. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या आब्राहम वेर्नर या खनिजतज्ज्ञानं दगड ओळखण्यासाठी रंगांची एक पद्धतशीर यादी केली होती. एडिंबरात फुलांची चित्रं काढणाऱ्या पॅट्रिक साइमनं ती वाढवली आणि १८१४ साली तिचं पुस्तक केलं. १८२१च्या दुसऱ्या आवृत्तीत ११० रंग होते. प्रत्येक रंगाचा रंगवलेला तुकडा, आणि शेजारी जमेल तिथं प्राणी, वनस्पती आणि खनिज यांतली उदाहरणं. बर्फासारखा पांढरा? काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्याची छाती, स्नोड्रॉपचं फूल, काराराचा संगमरवर. साय काढलेल्या दुधाचा पांढरा? माणसाच्या डोळ्यातला पांढरा भाग! केशरी पिवळा? केशराच्या फुलातले परागकोश. इथं साइमची नजर किती बारीक होती बघा. आपण दुधात घालतो ते केशराचे तंतू लालभडक असतात. त्याच फुलातले परागकोश मात्र पिवळे. ‘केशरासारखा’ एवढं म्हणून तो थांबला नाही, फुलातल्या नेमक्या भागावर त्यानं बोट ठेवलं.

हे पुस्तक बरोबर घेऊन एक तरुण १८३१च्या डिसेंबरात जहाजावर चढला. त्याचं नाव चार्ल्स डार्विन. केप व्हर्दे बेटांच्या किनाऱ्यावर त्याला सरड्यासारखा रंग पालटणारा ऑक्टोपस दिसला, तेव्हा त्यानं त्या छटा साइमच्या नावांनी टिपल्या आणि नावं कुठून घेतली तेही तळटीपेत सांगितलं. छायाचित्रण अजून वापरात यायचं होतं. तरी इंग्लंडमधला माणूस तेच पुस्तक उघडून, हजारो मैलांवरच्या डबक्यात क्षणभर चमकलेला रंग पाहू शकत होता!

पण जग ११० नावांत मावत नाही. आणि दोन नावांच्या मधे पडणाऱ्या छटेचं काय करायचं?

बॉस्टनमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या अल्बर्ट मन्सेलनं १९०५ साली नावंच बाजूला ठेवली. कुठल्याही रंगाला तीनच प्रश्न विचारा, तो म्हणाला. लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा यांच्या चक्रात तू कुठं बसतोस? काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या शिडीवर किती उजळ आहेस? आणि करड्यापासून किती दूर, म्हणजे किती भडक? तीन उत्तरं मिळाली की रंग सापडला. त्याची अट एवढीच, की प्रत्येक पायरी डोळ्याला सारखी वाटली पाहिजे.

या अटीनं एक विलक्षण गोष्ट उघडी पाडली. सगळ्या छटा अशा मांडल्यावर छान गोल चेंडू तयार व्हायला हवा, नाही का? झाला नाही. पिवळा सर्वांत भडक होतो तो पांढऱ्याच्या जवळ, उजळ पायरीवर. निळा-जांभळा सर्वांत भडक होतो तो खाली, काळ्याच्या जवळ. एका बाजूनं वर फुगलेला, दुसऱ्या बाजूनं खाली सुटलेला असा एक वेडावाकडा आकार मिळाला. तो मन्सेलनं ठरवलेला नाही. आपल्या डोळ्यांच्या घडणीतूनच तो तसा निघतो!

मन्सेलची पद्धत आजही शेताच्या बांधावर वापरली जाते. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे, आणि जमिनीचा अभ्यास करणारे लोक मातीचं ढेकूळ मन्सेलच्या तक्त्यावरच्या चकत्यांशी ताडून त्याचा क्रमांक वहीत लिहितात. विदर्भातल्या आपल्या काळ्याभोर कापसाच्या जमिनीच्या नोंदींत ‘१० वायआर ३/२’ असा क्रमांक वारंवार भेटतो. तक्त्यात त्याचं नाव काय आहे? ‘अतिगडद करडा-तपकिरी’. पिढ्यान्‌पिढ्या जिला काळी म्हटलं, ती शिडीवर काळ्यापासून चांगली तीन पायऱ्या वर आहे, आणि तिच्यात पिवळ्या-तांबड्याचा अंश आहे. एकदा ते कळलं की नांगरटीनंतरचं शेत वेगळंच दिसायला लागतं.

तरीही मुळाशी रंगवलेल्या चकत्याच राहिल्या, आणि त्या पाहणारा कुणाचा तरी डोळा. रंग पूर्णपणे आकड्यांत बांधायचा तर आधी डोळ्याचंच मोजमाप व्हायला हवं. आणि इथून गोष्ट खरोखर थरारक होते.

आपल्या डोळ्यात रंगाचं काम करणाऱ्या शंकू पेशी सुमारे साठ लाख आहेत, पण त्यांच्या जाती तीनच. आता खरी मौज अशी, की यातल्या एकाही पेशीला रंग कळत नाही! आपल्यावर आदळलेल्या प्रकाशापैकी किती पकडला, एवढंच ती सांगते. तीन जातींचे तीन आकडे पुढं जातात आणि त्या तीन आकड्यांतून मेंदू मोगऱ्यापासून पळसापर्यंतचा सगळा पसारा उभा करतो.

किराणा दुकानातून दोन पिशव्या भरून आल्या आहेत अशी कल्पना करा. एकीत तेल आणि साखर, दुसरीत तूरडाळ, गूळ आणि शेंगदाणे. दोन्ही बिलं ३४० रुपयांची. डोळ्याला पिशवीतलं सामान दिसतच नाही, फक्त बेरीज दिसते. एका बिलाऐवजी तीन बिलं, एवढाच फरक. तिन्ही बेरजा जुळल्या की डोळा म्हणतो, रंग एक. आणि उजेड बदलणं म्हणजे दुकानातले भाव बदलणं. सामान तेच राहतं, बेरजा मात्र वेगळ्या येतात. साडीच्या आणि ब्लाउजपीसच्या धाग्यांत रंगद्रव्यं वेगवेगळी होती. ट्यूबच्या भावात त्यांची बिलं जुळली, उन्हाच्या भावात फाटली. पायरीवर उभी राहिलेली बाई हेच तपासत होती.

डोळ्याच्या या मर्यादेवरच आपला मोबाइल चालतो. पडद्यावर हळदीच्या समारंभाचा फोटो उघडा. तो पिवळाधमक उजेड पडद्यातून येतो असं वाटतं ना? तिथं पिवळा उजेड नाहीच. लाल आणि हिरवे बारीक ठिपके शेजारीशेजारी उजळलेत, आणि त्यांनी तुमच्या शंकूंकडून पिवळ्याच्याच बेरजा करून घेतल्या आहेत.

म्हणजे कुठल्याही रंगाची बरोबरी तीन दिव्यांच्या मिश्रणानं साधता यायला हवी. मग प्रत्येक रंगासाठी कुठला दिवा किती लागतो, ते माणसांना बसवून मोजून काढलं तर? १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये दोघांनी स्वतंत्रपणे हेच केलं. डेव्हिड राइट यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात, जॉन गिल्ड यांनी टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत.

प्रयोग साधा, पण चिकाटीचा. अंधारात बसलेल्या माणसासमोर एक लहानसं वर्तुळ. केवढं? हात लांब करून अंगठ्याचं नख पाहावं, साधारण तेवढं. त्याच्या अर्ध्या भागात इंद्रधनुष्यातला एकच शुद्ध रंग, उरलेल्या अर्ध्यात लाल, हिरव्या आणि निळ्या दिव्यांचं मिश्रण. दिवे कमीजास्त करत जायचं. एक क्षण असा येतो, की दोन भागांमधली रेघ नाहीशी होते आणि एकच अखंड वर्तुळ उरतं. आकडे लिहून घ्यायचे. मग पुढचा रंग. जांभळ्यापासून लालपर्यंत, पुन्हा पुन्हा.

मधेच अडचण आली. निळसर हिरव्या पट्ट्यात रेघ काही केल्या पुसेना. हिरवा आणि निळा हवे तसे फिरवले तरी मिश्रण फिकटच राहायचं. यावर उपाय असा, की लाल दिवा उचलून पलीकडच्या बाजूला, शुद्ध रंगातच मिसळायचा. मग बरोबरी होते! पण हिशेबात याचा अर्थ काय झाला? या बाजूला लाल उणे झाला. उणे लाल उजेड! असा उजेड कुणी पाहिला आहे? तरी आकडेमोडीत तो चोख बसतो.

वजाबाक्या नकोत म्हणून शास्त्रज्ञांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी तीन काल्पनिक मूळ रंग मानले: एक्स, वाय आणि झेड. हे रंग कुठल्याही दिव्यातून निघत नाहीत, कुणालाही दिसणं शक्य नाही. आणि या तीन अदृश्य रंगांच्या मापानं जगातला प्रत्येक दृश्य रंग मोजला जातो. १९३१च्या सप्टेंबरात केंब्रिजला आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाची बैठक भरली आणि ही पद्धत जगाची झाली.

राइट यांच्या प्रयोगात किती माणसं होती? दहा. गिल्ड यांच्या? सात. उपकरणं वेगळी, दिवे वेगळे, पण दोघांचे निकाल इतके जुळले की ते एकत्र करून एक ‘प्रमाण निरीक्षक’ घडवता आला. उजळपणाचं प्रमाण तेवढं १९२४ साली ठरलेल्या मोजमापांतून घेतलं. हा निरीक्षक म्हणजे कुणी हाडामांसाचा माणूस नाही. वय वाढतं तसं आपल्या डोळ्याचं भिंग पिवळटत जातं, त्याचं पिवळटत नाही. तो थकत नाही, त्याला झोप येत नाही. पण त्याची नजर आली आहे ती सतरा जणांकडून. आज रंगाच्या दुकानात तुमच्या भिंतीचा पोपडा ज्या यंत्रापुढं धरतात, ते यंत्र तरंगलांबीच्या दर दहा नॅनोमीटरला किती प्रकाश परतला ते मोजतं आणि मग अशा प्रमाण निरीक्षकाच्या तक्त्यातून त्याचा रंग काढतं. फोनच्या पडद्यांचे, टीव्हीचे, छपाईचे आकडे याच कुळातले.

आपला तिरंगासुद्धा!

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं ध्वज स्वीकारला तेव्हा ठरावात रंग शब्दांत होते: गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा. सभागृहाला तेवढं पुरेसं होतं, कापड रंगवणाऱ्याला नव्हतं. ध्वज तर देशभर एकाच रंगाचा हवा. १९५१ साली भारतीय मानक संस्थेनं ध्वजाचं मानक काढलं. त्याचा क्रमांक आहे एक. स्वतंत्र देशाच्या मानकांच्या यादीत पहिला मान तिरंग्याला मिळाला, हे वाचून ऊर भरून येतो. आणि या मानकात केशरी कसा सांगितला आहे? १९३१च्या पद्धतीनं, ‘सी’ नावाच्या प्रमाण दिवसउजेडात: एक्सचा वाटा ०.५३८, वायचा ०.३६०, उजळपणा २१.५. बस्स. फुलाचं नाव नाही, फळाचं नाही. नांदेडला आणि हुबळीला खादीचे तिरंगे तयार होतात. त्यांच्या केशरी पट्ट्याची अचूकता ठरवणाऱ्या या तीन आकड्यांतले पहिले दोन त्या सतरा जणांच्या डोळ्यांपर्यंत जाऊन पोचतात.

उजळपणाच्या आकड्यांवर जरा रेंगाळू या, कारण त्यात एक नवल दडलं आहे. पांढऱ्या पट्ट्याचा आकडा ७२.६. केशरीचा २१.५, म्हणजे पडलेल्या उजेडाचा जेमतेम पाचवा हिस्सा तो परत पाठवतो. हिरव्याचा फक्त ८.९! फडकणाऱ्या ध्वजात इतका भरदार दिसणारा हिरवा दहातला एक हिस्साही उजेड परतवत नाही.

आता केशरीचे ते आकडे जसेच्या तसे संगणकाच्या पडद्यावर उतरवले तर? झगझगीत नारिंगी येत नाही. विटेकडे झुकलेला, दबका रंग येतो. चूक कुठं झाली? कुठंच नाही. पडद्यावरचा पांढरा पूर्ण शंभराचा असतो, खादीचा ७२.६चा. डोळा रंग एकटा पाहत नाही, शेजारच्या पांढऱ्याशी तोलून पाहतो. कापडाच्या पांढऱ्याशेजारी तोच केशरी उजळून उठतो. तपकिरी रंगाचं रहस्यही हेच. इंद्रधनुष्यात तपकिरी का नाही, कधी प्रश्न पडलाय? कारण तपकिरी उजेड नावाची चीज अस्तित्वातच नाही. भोवताल उजळ असताना मंद पडलेला नारिंगी म्हणजे तपकिरी!

रंग आकड्यांत आला. पण दोन आकड्यांत किती अंतर असलं तर फरक डोळ्याला कळतो? १९४२ साली अमेरिकेत डेव्हिड मॅकअ‍ॅडम यांनी रंगांच्या नकाशावरची २५ ठिकाणं निवडली. एका निरीक्षकाला हजारो वेळा रंग जुळवायला लावले आणि प्रत्येक ठिकाणाभोवती ‘इथवर फरक कळत नाही’ अशी सीमा आखली. हिरव्या भागात लांबच लांब लंबगोल आले, निळ्यात अगदी चिमुकले. म्हणजे १९३१च्या नकाशावर हिरव्यात बरंच अंतर चाललं तरी डोळा गप्प, निळ्यात तेवढ्यानं वेगळ्याच रंगात जाऊन पडाल. म्हणून १९७६ साली तो नकाशा ताणून, दाबून डोळ्याच्या जाणिवेच्या जवळ आणला गेला. त्यावरच्या दोन रंगांमधल्या अंतराला डेल्टा ई म्हणतात. साधारण एकपर्यंतचा फरक सहसा नजरेत येत नाही. ‘थोडा लाल वाटतोय हो’ या वादाच्या जागी आज कारखान्यांच्या करारात डेल्टा ई किती चालेल ते लिहिलेलं असतं.

छापखान्यात मात्र आकड्यांपेक्षा शेडकार्ड जवळचं. लॉरेन्स हर्बर्ट यांनी १९६३ साली आणलेल्या पँटोनची युक्ती साधी आहे: मोजक्या मूळ शाया ठराविक प्रमाणात मिसळायच्या आणि प्रत्येक मिश्रणाला क्रमांक द्यायचा. कोल्हापूरचा प्रेसवाला आणि कोपनहेगनचा, दोघं तीच कृती करतात. क्रमांकापुढचं ‘सी’ म्हणजे गुळगुळीत आर्टपेपर, ‘यू’ म्हणजे साधा कागद. शाई एकच, पण साधा कागद ती पिऊन टाकतो आणि रंग मंद होतो. नेहमीच्या चार शायांच्या ठिपक्यांत तर कडक केशरी येतच नाही, त्यासाठी वेगळी शाई घालावी लागते. आणि शेडकार्डही म्हातारं होतं, म्हणून वर्ष-दीड वर्षानं ते बदला असं कंपनीच सांगते.

पडद्यावर तर एका रंगाला सहा चिन्हांचा कोड, आणि असे कोड १,६७,७७,२१६! वाटतं, आता काहीच निसटणार नाही. पण नेहमीचा पडदा दिसू शकणाऱ्या रंगांच्या १९३१च्या नकाशाचा जेमतेम तिसरा हिस्सा व्यापतो. कोडची संख्या कितीही वाढवा, त्या तीन ठिपक्यांच्या त्रिकोणाबाहेर पडता येत नाही.

आणि काही रंग असे आहेत की त्यांना एक क्रमांक देताच येत नाही. मोराचं पीस घ्या. त्यात निळं रंगद्रव्य नाही, हिरवंही नाही. आहेत त्या काळपट मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म काड्या, जाळीसारख्या रचलेल्या. निळ्या भागात जाळीचं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात सुमारे १५०. दहा नॅनोमीटर सरकलं की निळ्याचा हिरवा! पीस कलतं करा, रंग पुन्हा बदलतो. कोन सांगितल्याशिवाय त्याचं माप पुरं होत नाही. चकाकत्या मोटारींचा रंग तपासणारी यंत्रं म्हणूनच एकाच जागेकडे अनेक कोनांतून पाहतात आणि प्रत्येक कोनाचे आकडे वेगळे देतात. येवल्याच्या पैठणीतला धूपछाव याच जातीचा, फक्त तो मागावर घडतो. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पदर हलला की कधी हा वर येतो, कधी तो. अशी साडी सांगून विणून घ्यायची असेल तर विणकराला दोन छटा सांगाव्या लागतात, एक उभ्याची आणि एक आडव्याची.